सर्व्हेच्या फॉर्ममध्ये सासूबाईंचं इंग्रजी 'व्हेरी वेल' लिहायचं का?

ओकट्रीजवळची_सून

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय कारण फॉर्म डायनिंग टेबलवर दहा दिवस पडलाय आणि काल आठवणीचं पत्रसुद्धा आलं. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमच्या पत्त्यावर अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, म्हणजे इथल्या जनगणना खात्याचा फॉर्म, आलाय. घर कधी बांधलं, खोल्या किती, कामाला जायला किती मिनिटं लागतात, हे सगळं भरून झालं. गाडी अडलीय ती भाषेवर. घरातल्या प्रत्येक माणसासाठी तीन प्रश्न आहेत, की ही व्यक्ती घरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलते का, कोणती बोलते, आणि ही व्यक्ती इंग्रजी किती चांगलं बोलते. शेवटच्याला चार पर्याय: व्हेरी वेल, वेल, नॉट वेल, नॉट अ‍ॅट ऑल.

घरात आम्ही चौघं. नवरा, मी, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. आई ७१ वर्षांच्या आहेत, कराडच्या, मराठी माध्यमाच्या शाळेत ३० वर्षं गणित शिकवलंय. इंग्रजी बातम्या रोज वाचतात, दोन्ही मुलांच्या ट्रान्सफर सर्टिफिकेटांचे अर्ज नि बँकेची पत्रं त्यांनीच लिहिलेली. पण समोरचा माणूस भरभर बोलायला लागला की त्या गप्प होतात. मागच्या महिन्यात औषधं आणायला एकट्या गेल्या. काउंटरवरच्या मुलीने जन्मतारीख विचारली, आईंनी आपल्या पद्धतीने सांगितली, 'ट्वेल्व्ह सेव्हन'. १२ जुलै. ती मुलगी ७ डिसेंबर शोधत बसली, म्हणाली अशा कोणी पेशंट नाहीत. आईंना ते 'जुलै' म्हणून सांगावं हे सुचेना, मागे रांग लागलेली, तशाच बिनऔषधाच्या घरी आल्या आणि संध्याकाळपर्यंत कोणाला काही बोलल्या नाहीत. आयुष्यभर आकडे शिकवलेली बाई हो ती!

आता नवरा म्हणतो सगळ्यांपुढे 'व्हेरी वेल' टिक कर आणि मोकळी हो, आईचं कमी लिहिणं म्हणजे तिचा अपमान. मला ते पटत नाहीये पण त्याचं मनही मोडवत नाही. दुसरं म्हणजे लेकीचं काय लिहू? ती आजीशी मराठी बोलते (अर्धे शब्द इंग्रजी), आमच्याशी बहुतेक वेळा इंग्रजीतच उत्तर देते. बस स्टॉपवर एक ताई म्हणाल्या की मराठी लिहिलंस तर शाळा मुलीला ईएसएलला (इंग्रजी कमी येणाऱ्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गाला) टाकेल. आणि आईंचं ग्रीन कार्ड आत्ताच झालंय, इंग्रजी येत नाही लिहिलं तर त्याला काही बाधा येते का? कोणी हा फॉर्म भरला असेल तर प्लीज नीट सांगा.

---

रिटायर्ड_काका_पिस्कॅटवे

ताई, मी हा फॉर्म दोनदा भरलाय, एकदा मुलाच्या घरी, एकदा आमच्या अपार्टमेंटमध्ये. आधी भीतीचं उत्तर देतो. ग्रीन कार्डाचा नि याचा काडीचा संबंध नाही. जनगणना खात्याला मिळालेली माहिती कायद्याने दुसऱ्या कुठल्याच खात्याला नावानिशी देता येत नाही. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. फॉर्म भरणं मात्र कायद्याने बंधनकारक आहे, नाही भरलात तर आणखी पत्रं येतील, मग फोन नाहीतर माणूस दारात.

हा सर्व्हे म्हणजे दर दहा वर्षांनी होणारी जनगणना नव्हे. पूर्वी जनगणनेत काही घरांना लांबलचक फॉर्म यायचा, २००० साली तो शेवटचा आला. २००५ पासून त्याच्या जागी हा सर्व्हे वर्षभर चालू असतो, वर्षाला साधारण ३५ लाख पत्ते निवडतात. त्यामुळे तुमचं घर निवडलं गेलंय तर तुम्ही एकट्या तुमच्यासाठी उत्तर देत नाही आहात, आसपासच्या तुमच्यासारख्या कित्येक घरांचं उत्तर तुमच्या फॉर्मवरून धरलं जाणार आहे.

आता मुद्द्याचं. प्रश्न फक्त बोलण्याचा आहे. वाचता येतं का, लिहिता येतं का, हे तिथे विचारलेलंच नाही. वहिनींचं, म्हणजे तुमच्या सासूबाईंचं, वाचन उत्तम असेल, त्याला त्या फॉर्मात जागा नाही. आणि 'व्हेरी वेल' सोडून बाकी तिन्हीपैकी काहीही टिक केलं, अगदी 'वेल' जरी, तरी ती व्यक्ती इंग्रजी मर्यादित येणाऱ्यांत मोजली जाते. आकडे त्याच रेषेवर कापतात. म्हणजे तुमच्या मिस्टरांनी प्रेमापोटी एक खूण वर सरकवली तर वहिनी त्या मोजणीतून पूर्णच गळतात.

आणखी एक, जे बहुतेकांना माहीत नसतं. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील सुद्धा, दोन महिन्यांपेक्षा जास्त राहायला आले असतील तर, या फॉर्मात धरायचे असतात. 'ते काय पाहुणे आहेत' म्हणून आपली मंडळी सर्रास वगळतात. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना भाषेचा प्रश्नच नाही.

---

फलटणची_लेक

काकांनी नियम सांगितलेत, मी तुला सांगते हे का खरं लिहायचं ते.

तीन वर्षांपूर्वी बाबा इथे आले होते. मी कामासाठी टेक्सासला, नवरा नाइट शिफ्टला, घरात बाबा आणि माझा १३ वर्षांचा मुलगा. रात्री बाबांच्या पोटात दुखायला लागलं, शेजारणीने गाडी काढून इमर्जन्सीत नेलं. तिथे भाषेचा रकाना होता, मुलाने 'इंग्लिश' टिक केलं, कारण आजोबा शेजाऱ्यांशी 'गुड मॉर्निंग, हाऊ आर यू' छान बोलतात ते त्याने ऐकलेलं. मग काय, बाबा मराठीत सांगतायत आणि पोरगा इंग्रजीत. बाबा म्हणाले कळ येतेय, मग म्हणाले पाठीत चमक मारतेय, मग मांडीपर्यंत ठणका जातोय. पोराने तिन्हीचं 'पेन' केलं. त्याच्याकडे तेवढा एकच शब्द. आणि मग बाबा म्हणाले उन्हाळी लागलीय. पोराने डॉक्टरांना सांगितलं की आजोबांना उन्हाळ्याचा त्रास होतोय. डॉक्टरांनी विचारलं पाणी पुरेसं पिता का, बाबांनी मान हलवली. लघवीला आग होतेय हे कोणालाच कळलं नाही. गॅसेसचं औषध देऊन बसवून ठेवलं. पहाटे माझा फोन लागला तेव्हा मी नर्सशी बोलले, मग तपासण्या झाल्या आणि मुतखडा निघाला. तेवढे चार तास माणूस कळवळत होता आणि माझं लेकरू आपलं चुकलं म्हणून आठवडाभर नीट जेवलं नाही.

त्यात त्या दोघांची काय चूक? नंतर मला कळलं की सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी दुभाषा फुकट द्यायचा असतो आणि अगदी जिवावर बेतल्याशिवाय लहान मुलाला दुभाषा करायचं नसतं, ओबामांच्या आरोग्य कायद्याच्या नियमात तसं लिहिलंय. पण तू 'इंग्लिश येतं' असं लिहून दिलंस तर तो कोण कशाला आणून देईल. पुढच्या वेळी मी मराठी मागितलं. आधी टॅबलेटवर हिंदीवाला लावून दिला, 'इंडियन म्हणजे हिंदी' म्हणून. बाबांना हिंदी समजतं, पण दुखणं हिंदीत सांगायचं म्हणजे पुन्हा तेच. मी म्हटलं नाही, मराठी. दहा मिनिटं थांबावं लागलं, पण एक बाई आल्या स्क्रीनवर, 'नमस्कार काका, काय होतंय' म्हणाल्या, आणि बाबांचा चेहरा असा सैल झाला की बस. आणि जे बोलायला लागले ते थांबेचनात, मला कधी न सांगितलेलं सुद्धा त्यांनी त्या बाईंना सांगितलं.

म्हणून तुझ्या नवऱ्याला सांग, आईंचा मान त्या चौकोनात नाहीये रे बाबा. औषधाच्या काउंटरवरून रिकाम्या हाताने परत यायला लागलं त्यात कुठला मान राहिला?

---

पाटी_पेन्सिल

मी न्यू जर्सीच्याच एका सरकारी शाळेत ईएसएल शिकवते, १४ वर्षं झाली. लेकीबद्दलची भीती मी दर सप्टेंबरला ऐकते म्हणून उत्तर देतेय.

दोन वेगळे कागद आहेत, त्यांची गल्लत होतेय. हा सर्व्हे सरकारचा आहे, तुमच्या शाळेला तुमच्या मुलीचं नाव त्यातून कधीच कळत नाही. शाळेचा कागद वेगळा, होम लँग्वेज सर्व्हे, तो तुम्ही प्रवेशाच्या वेळी भरलाय. त्यात मराठी लिहिलं म्हणून मुलाला उचलून ईएसएलला टाकत नाहीत. गरज वाटली तर आधी छोटी चाचणी होते, ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टींची, आणि १ ते ६ अशी लेव्हल निघते. इंग्रजी पुरेसं असेल तर विषय संपला. तुमची लेक नऊ वर्षांची, इथेच वाढलेली, तिचा प्रश्नच येत नाही.

आणि समजा एखाद्या मुलाला मदतीची गरज निघाली तर ती शिक्षा नाही हो. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, लाउ विरुद्ध निकोल्स. साधारण १८०० मुलं वर्गात बसायची आणि त्यांना शिकवलेलं अक्षर कळत नव्हतं. कोर्ट म्हणालं, सगळ्यांना तेच पुस्तक नि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, ज्याला भाषाच कळत नाही त्याला शिक्षणच मिळालेलं नाही. आज माझी नोकरी त्या निकालावर उभी आहे. माझ्याकडे दरवर्षी एकदोन मुलं अशी येतात की आईवडिलांनी 'घरी फक्त इंग्रजी' लिहिलेलं असतं, आणि मूल नुकतंच नागपूर किंवा राजकोटहून आलेलं, वर्गात डोळे मोठे करून बसलेलं. ते मूल आमच्यापर्यंत पोचायला दोन दोन महिने जातात. मला त्याचा फार त्रास होतो, खरंच.

लेकीपुढे मात्र 'हो, मराठी' असंच लिहा. कधीकधी बोललं तरी 'हो'च असतं. फक्त चार शब्दच येत असतील, आजी नि वरणभात एवढंच, तर 'नाही'. तुमची लेक आजीशी वाक्यं बोलतेय ना, मग ती मराठी बोलते. आणि पुढच्या प्रश्नाला तिचं इंग्रजी 'व्हेरी वेल' लिहा, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पुढे हायस्कूल संपताना दोन भाषा येणाऱ्या मुलांना राज्याकडून सील ऑफ बायलिटरसी मिळतं, न्यू जर्सीत २०१६ पासून आहे. त्यासाठी वाचता लिहिता यावं लागतं, तेव्हा रविवारची मराठी शाळा सोडू नका.

---

गार्डन_स्टेट_०७

सगळे सरकारवर एवढा विश्वास का टाकतायत कळत नाही. मार्च २०२५ मध्ये इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा म्हणून आदेश निघाला, आणि क्लिंटनच्या वेळचा २०००चा आदेश, ज्यात सरकारी खात्यांनी इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करायची होती, तो रद्द केला. मग आता कोणासाठी आकडे द्यायचे? उगाच आपण होऊन 'आमच्याकडे इंग्रजी येत नाही' असं लिहून देणं मला धोक्याचं वाटतं. माझे आईवडील इथे आहेत म्हणून बोलतोय, वाद घालायला नाही.

---

रिटायर्ड_काका_पिस्कॅटवे

तुमची काळजी खोटी नाही, आदेशाबद्दल तुम्ही म्हणताय ते बरोबरच आहे. पण आदेश रद्द झाला म्हणजे कायदा गेला असं होत नाही. १९६४चा नागरी हक्क कायदा संसदेने केलेला आहे, तो आहे. मतदानाच्या कायद्यातलं भाषेचं कलम १९७५ साली घातलं, ते आहे. त्या कलमात सरळ आकडा दिलाय: एखाद्या काउंटीत एका भाषिक गटाचे, मतदानाच्या वयाचे, इंग्रजी मर्यादित येणारे नागरिक १० हजारांवर किंवा ५ टक्क्यांवर गेले, आणि त्या गटात शिक्षणाचं प्रमाण कमी असलं, की मतपत्रिका त्यांच्या भाषेत द्यावी लागते. तो आकडा येतो कुठून? ह्याच फॉर्ममधून. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये आज मतपत्रिका बंगालीत मिळते, शिकागोच्या कुक काउंटीत हिंदीत. लोकांनी घरी बसून खरं लिहिलं, त्याची बेरीज झाली, म्हणून ते मिळालं. आपण 'व्हेरी वेल' लिहीत बसलो तर आपली बेरीज शून्य.

माझी स्वतःची बायको. इथे २० वर्षं ग्रीन कार्डावर काढली, नागरिकत्वाची परीक्षा इंग्रजीत द्यायची या धास्तीने अर्जच करत नव्हती. मग कोणीतरी सांगितलं की वय ५० च्या वर आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं झालेली असली, किंवा ५५ आणि १५ वर्षं, तर इंग्रजीची अट माफ असते आणि प्रश्न आपल्या भाषेत, दुभाष्यामार्फत विचारतात. तिने मराठीतून मुलाखत दिली. राज्यघटनेचे प्रश्न मराठीत तोंडपाठ केले, स्वयंपाक करताना म्हणायची. पहिल्या फटक्यात पास झाली! आधी कळलं असतं तर उगाच इतकी वर्षं धास्तीत काढली नसती तिने.

---

जळगाव_टू_जर्सी

भाषेच्या नावाबद्दल एक सांगतो. दुसऱ्या प्रश्नात 'मराठी' असंच स्पष्ट लिहा. 'इंडियन' लिहू नका, माझ्या रूममेटने लिहिलं होतं. तसं लिहिलेली उत्तरं 'भारत, इतर' असल्या डब्यात जातात, मग ती ना मराठीत ना कशात. २००९ ते २०१३ च्या आकड्यांत अमेरिकेत घरी मराठी बोलणारे साधारण ७३ हजार दिसत होते, त्याच वेळी गुजराती पावणेचार लाखांच्या आसपास. आता दोन्ही कितीतरी वाढले असणार, पण नाव लिहिलं तरच दिसणार.

हे मला एवढं लागतं कारण मी अहिराणी घरातला. आमच्या घरी आईशी, काकूंशी, शेतातल्या माणसांशी सगळं बोलणं अहिराणीत, मराठी फक्त शाळेत नि पाहुण्यांसमोर. पण २०११ ला शिक्षक जनगणनेला आले तेव्हा वडिलांनी ओट्यावरूनच सांगितलं, मराठी लिहा. मी तेव्हा कॉलेजला होतो, मला ते अगदी डोळ्यासमोर आहे, आई आतून अहिराणीत विचारतेय चहा ठेवू का, आणि वडील बाहेर सांगतायत मातृभाषा मराठी. लाज नव्हती त्यात, पण लिहायचं म्हणजे 'मोठी' भाषा लिहायची अशी सवय. त्या जनगणनेत खानदेशी म्हणून साडेअठरा लाखांच्या आसपास आले, खरे किती असतील तुम्हीच सांगा. मराठी ८ कोटी ३० लाख, त्यात आमचं घर आहे.

तिकडे आपल्याकडे मातृभाषा आणि येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतात, पण 'किती येते' हे विचारतच नाहीत. इंग्रजी मातृभाषा सांगणारे अख्ख्या देशात अडीच लाखांच्या घरात, आणि त्यातले लाखभर महाराष्ट्रातले. दुसरी तिसरी भाषा म्हणून सांगणारे मात्र काही कोटी. त्यातल्या कोणाला बँकेत बोलता येतं आणि कोणाला नुसती सही करता येते ते कळायला मार्ग नाही. २०२७ च्या जनगणनेला माणूस दारात आला की मी आईला सांगून ठेवलंय, या वेळी तू सांग, बाबा नको.

माझ्या फॉर्मवर मी इथे मराठी लिहिलं, कारण बायको पुण्याची आणि घरी मराठीच चालते. पण आई सहा महिने राहून गेली, ती असताना आला असता तर तिच्यापुढे अहिराणी लिहिलं असतं.

---

दोन_शिफ्ट_आई

माझ्याकडून छोटंसं. दोन भाषा असतील तर जास्त बोलली जाते ती लिहायची, रकाना एकच आहे. आमच्या घरी मराठी तेलुगू दोन्ही, मी मुलांपुढे मराठी लिहिलं नि नवऱ्यापुढे तेलुगू, प्रत्येक माणसाचा प्रश्न वेगळा असतो, सगळ्या घराला एकच उत्तर द्यायची गरज नाही.

@गार्डन_स्टेट_०७ दादा, तुमचे आईवडील वेगळे राहत असतील तर त्यांच्या घरी फॉर्म आला तर जास्तच महत्त्वाचं. १४ वर्षांवरच्या एकालाही इंग्रजी 'व्हेरी वेल' येत नाही अशी घरं ते वेगळी मोजतात. अशा घरात आग लागली, अ‍ॅम्ब्युलन्स लागली, तर फोनवर बोलणार कोण, हे त्या आकड्यावरून कळतं.

---

गार्डन_स्टेट_०७

हे माहीत नव्हतं. ते वेगळेच राहतात, सीनियर बिल्डिंगमध्ये. शनिवारी जाऊन बोलतो त्यांच्याशी.

---

ओकट्रीजवळची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. फलटणच्या ताई, तुमचं वाचून मी ऑफिसमध्येच रडले, मग तेच नवऱ्याला पाठवलं. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी घरी आल्यावर फॉर्म घेऊन स्वतःच आईंच्या शेजारी बसला. म्हणाला आई, तूच सांग काय लिहू. आम्ही दोघं दहा दिवस त्यांच्याबद्दल भांडत होतो आणि त्यांना विचारलंच नव्हतं.

आईंनी चष्मा लावून चारही पर्याय वाचले. मग म्हणाल्या, "समजतं मला सगळं. वाचते पण. पण बोलायला गेलं की आधी मराठीत वाक्य तयार होतं, मग ते मनात फिरवते, तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. नॉट वेल लिही." नवऱ्याने विचारलं, नक्की? तर म्हणाल्या, "अरे, पेपर तपासताना मी कुणाला वाढवून मार्क दिलेत का कधी?"

लेकीपुढे मराठी, हो, आणि इंग्रजी व्हेरी वेल. माझ्यापुढे मी 'वेल' लिहिलं. १२ वर्षं इथे नोकरी करतेय, पण वकिलाशी किंवा इन्शुरन्सवाल्याशी फोनवर बोलायचं म्हटलं की मी अजून आधी कागदावर लिहून घेते.

आणि आईंची गुरुवारी डोळ्यांची अपॉइंटमेंट आहे, तिथे फोन करून मराठी दुभाषा सांगून ठेवलाय. त्या बाईने स्पेलिंग विचारलं, एम, ए, आर... मी सांगत होते आणि आई मागून हळूच विचारत होत्या, मिळेल म्हणाली का.